कुत्रा धरा!

परदेशी पाहुण्यांना आमचा डोंगर उन्हाळ्यात फार आवडतो. खाली गोबीची वाळू भाजत असते आणि वर घळीत बर्फ तसाच पडलेला असतो. त्या बर्फावर उभं राहून ते फोटो काढतात, घसरून आपटतात, हसतात आणि पुन्हा फोटो काढतात. तुंगलग त्यांना आपल्या जुन्या रशियन गाडीतून आणायची आणि परत न्यायची. यंदा मात्र घळीच्या तोंडाशी पोचलं की ती खाली उतरायची नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायची. तिथल्याच उतारावर तिच्या बापाची मोटरसायकल सापडली होती, स्टँडवर नीट लावलेली. बाप सापडला नव्हता.

ते वसंतात झालं. आमच्याकडचा वसंत म्हणजे फुलंबिलं काही नाही. वारा, धूळ आणि व्यायला आलेली जनावरं. व्यायला झालेली उंटीण कळप सोडून एकटीच कुठे तरी निघून जाते. तशी एक गेली, आणि तुंगलगचा बाप गोंबो तिला शोधायला निघाला. दुपारी पिवळं वादळ उठलं. आभाळ कुठलं आणि जमीन कुठली ते कळेना. वादळ ओसरल्यावर उंटीण पिल्लाला घेऊन आपली आपण घरी आली. गोंबो आला नाही.

तुंगलग शहरातून धावत आली. शेजाऱ्यांबरोबर तिनं डोंगर पालथा घातला, हाका मारून मारून तिचा घसा बसला. मग हळूहळू शेजारी गोंबोचं नाव घेईनासे झाले. ‘तो माणूस’ म्हणू लागले. मेलेल्याचं नाव आम्ही तोंडी आणत नाही. खांडमाला, म्हणजे तुंगलगच्या आईला, हे लक्षात आलं तेव्हा तिनं एका शेजाऱ्याच्या हातातला चहाचा वाडगा काढून घेतला आणि त्याला दार दाखवलं.

आता उन्हाळा अर्धा झाला होता. सगळ्यांनी आपापली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गोल घरं उलगडून उंटांवर, गाड्यांवर लादली होती आणि सगळे वरच्या कुरणात गेले होते. वसंताच्या जागेवर खांडमाचं एकटीचं घर उरलं होतं. पाहुण्यांची एक टोळी विमानात बसवली आणि दुसरी यायच्या आत आईला वर हलवायचं ठरवून तुंगलग निघाली. विहिरीपाशी तिला शेजारचे चुलुनकाका भेटले. त्यांनी उंटांना पाणी पाजता पाजता तिच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

“आलीस? बरं झालं. उचल तिला आणि घेऊन ये वर. नाही आली तर नमद्यात गुंडाळून आण.”

“काका, आई काय सतरंजी आहे का गुंडाळायला?”

“थट्टा करू नकोस. तिच्या शेळ्या बघितल्यास? बरगड्या मोजून घे. उन्हाळ्यात अंगावर मांस धरलं नाही तर हिवाळ्यात एक उरायची नाही. मग काय खाईल? दगड?” काकांनी बादली कुंडीत ओतली. “आणि दुसरं म्हणजे, संध्याकाळी तिथे थांबू नकोस. हाक येते. मी ऐकलीय. ओ बिलकूल द्यायची नाही.”

“कुणाची हाक?”

“त्या माणसाची,” काका म्हणाले, आणि रिकामी बादली घेऊन विहिरीकडे वळले.

तुंगलगला हसू आलं नाही, पण तिचा विश्वासही बसला नाही. काकांना आंबवलेलं, चढणारं दूध जरा जास्तच आवडतं हे सगळ्या डोंगराला ठाऊक आहे.

खांडमा दारातच होती. खूप वाळली होती. घराभोवतीचं गवत पार मुळापर्यंत खाल्लेलं, नुसती वाळू आणि लेंड्या. उन्हाच्या काहिलीमुळे नमद्याची खालची कड वर गुंडाळली होती आणि आतून वारा खेळत होता. आत पश्चिमेला, पुरुषांच्या बाजूला, गोंबोचं खोगीर आणि त्याची गादी झाडून ठेवलेली. चुलीवर चहा.

“गाडी कशाला आणलीस एवढी रिकामी?” खांडमानं विचारलं.

“भरायला.”

“मी नाही येत.”

“आई, अजून मी आत पण नाही आले.”

“मग ये आत. चहा पी. आणि तोंड मिटून पी.”

चहा पिऊन झाला तरी तुंगलगनं तोंड मिटलं नाही. शेळ्या दाखवल्या, आटत चाललेली विहीर दाखवली. खांडमा सगळं ऐकत होती आणि दह्याचं वाळवण उलटत होती. शेवटी म्हणाली, “तो आला आणि इथे नुसतं रिंगण दिसलं तर? आपलंच घर कुठे गेलं म्हणून शोधत फिरेल तो? रोज येतो तुंगा. दारापर्यंत येतो. कशावरून तरी रुसलाय, आत येत नाही एवढंच.”

आईचं डोकं फिरलं, असं तुंगलगच्या मनात आलं.

ऊन कलंडलं. डोंगराचा लाल रंग जांभळा झाला. बारस, घरचा काळा कुत्रा, दारात पाय ताणून पडला होता. तेवढ्यात उताराकडून हाक आली.

“कुत्रा धराऽऽ!”

आमच्याकडे दार ठोठावत नाहीत. लांबूनच हाक द्यायची, कुत्रा असो की नसो. कुणी तरी आलंय हे घरच्यांना कळावं म्हणून. तुंगलगनं ती हाक आयुष्यात अगणित वेळा ऐकली होती. पण हा आवाज तिच्या बापाचा होता. शेवटाला किंचित फाटणारा, तंबाखूनं खरवडलेला.  बारस उठून उभा राहिला. भुंकला नाही, शेपटीही हलवली नाही.

खांडमा दाराकडे धावली. “अरे आपल्याच घराबाहेर काय ओरडतोस? ये ना आत! गादी घातलीय तुझी, चहा टाकलाय! रुसायला काय लहान आहेस का, गोंबो!”

बाहेर काही नव्हतं. वारा होता, शेळ्या होत्या. 

“बघितलंस?” खांडमा म्हणाली. “मी बोलावलं की गप्प होतो. काय चुकलं माझं, तेच कळत नाही.” आणि ती रडू लागली. एवढ्या महिन्यांत तुंगलगनं आईला रडताना पाहिलं नव्हतं.

त्या रात्री तुंगलगच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भीती होतीच, पण भीतीच्या खाली दुसरंच काही तरी टोचत होतं आणि ते काय ते हाताला लागत नव्हतं. सकाळी ती शेळ्यांचं दूध काढायला बसली. धारा काढता काढता तिला ते एकदम कळलं आणि तिचे हात थांबले. शेळीनं लाथ मारून कासंडी पालथी केली तरी ती हलली नाही. सगळा दिवस ते आईला सांगायचं की नाही, यातच गेला.

संध्याकाळी खांडमा गादी झाडायला वाकली तेव्हा तुंगलग म्हणाली, “आई, बाबा घरी यायचे तेव्हा कधी कुत्रा धरा म्हणून ओरडायचे?”

“तो कशाला ओरडेल? त्याचाच तर कुत्रा.”

“मग आता कोण ओरडतं?”

खांडमाच्या हातातली गादी तशीच राहिली. घराचा धनी आपल्या दारात येतो, मुकाट्यानं आत येतो, टोपी काढतो आणि बसतो. कुत्रा धरा म्हणतो तो परका. हे आमच्याकडे बोलायला लागलेलं पोरही जाणतं. एवढे दिवस ते खांडमाला ऐकू आलं नाही, कारण ऐकायचंच नव्हतं. तुंगलगला वाटलं, आपण आत्ता स्वतःच्या हातानं बापाला मारलं. आईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

खांडमा उठली. तिनं गोंबोची गादी गुंडाळून खाटेखाली सरकवली. खोगीर उचलून बाहेर ठेवलं. पेटीतून चांगला झगा काढून घातला, कंबरेला पट्टा बांधला, डोक्याला रुमाल बांधला. पाहुण्यांसाठीचा चांदीच्या काठाचा वाडगा पुसला. ताटलीत तळलेल्या पुऱ्या आणि वाळवलेलं दही मांडलं. 

“कुत्रा धराऽऽ!”

“तुंगा, जा,” खांडमा म्हणाली. “कुत्रा धर.”

तुंगलग बाहेर गेली. गुडघे टेकून तिनं बारसच्या मानेला मिठी घातली. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. आतून आईचा आवाज आला, स्वच्छ, जरा मोठा, पाहुण्यांशी बोलतात तसा.

“धरलाय हो! या, आत या.”

बारसची मान तुंगलगच्या हातांत हळूहळू वळली. उताराकडून दाराकडे. कुणी तरी समोरून चालत गेल्यावर वळावी तशी. दाराची फळी किरकिरली. तुंगलगला काहीही दिसलं नाही.

वर गुंडाळलेल्या नमद्याखालून तिला आतलं दिसत होतं. खांडमानं वाडगा उजव्या हातात धरला होता, डाव्या हातानं कोपराला आधार दिला होता आणि पाहुण्याच्या जागेकडे वाकली होती. तिथूनच तो आवाज आला. या खेपेस अगदी हळू, थकलेला.

“वसंत सुखाचा चाललाय ना?”

जो ऋतू असेल त्याची विचारपूस करायची, ही आमची रीत. हिवाळ्यात हिवाळ्याची, उन्हाळ्यात उन्हाळ्याची. बाहेर जमीन दिवसभराच्या उन्हानं अजून तापलेली होती आणि हा माणूस वसंताची खुशाली विचारत होता. तुंगलगनं बारसच्या केसांत तोंड खुपसलं. तो अजून तिथेच होता, त्या पिवळ्या धुळीत, आणि त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

खांडमाचा वाडगा हलला नाही.

“वसंत सरला, पाहुणे,” ती म्हणाली. “केव्हाच सरला. तुम्ही वाटेत होतात, तुम्हाला कळलं नसेल. उंटीण आपली आपण घरी आली. पिल्लू चांगलं आहे, दांडगं झालंय. इथला चारा मात्र संपला. आम्ही उद्या वर निघतो. तुम्ही चहा घ्या. गरम आहे तोवर घ्या.”

खांडमानं वाडगा पाहुण्याच्या जागेपुढे ठेवला. चहावर साय धरली. अंधार पडला तेव्हा बारस तुंगलगच्या हातातून सुटला, उतारावर थोडा पुढे गेला आणि माघारी येऊन दारात पडला.

सकाळी घर उलगडताना खांडमाच पुढे होती. नमदे काढले, जाळीच्या भिंती मिटल्या, छताच्या कांबी बांधल्या. “हात चालव की गं, शहरातली मॅडम! चुलुन हसेल आपल्याला,” असं दोनदा म्हणाली. शेवटचा दोर सोडायची पाळी तुंगलगवर आली आणि तिचा हात त्या खुंटीवरच राहिला.

“आई, मग आता तो येईल कुठे?”

“पाहुणा आहे तो आता,” खांडमा म्हणाली. “पाहुण्याला कुठलंही घर चालतं. धूर दिसेल तिथे जाईल.”

“काका सगळ्यांना सांगून ठेवतात, ओ देऊ नका म्हणून. कुणीच दार उघडलं नाही तर?”

खांडमा पुढे आली. तिनं लेकीचा हात बाजूला केला आणि खुंटी उपटली.

तुंगलग मग त्या उन्हाळ्यात पाहुण्यांना घेऊन डोंगरभर फिरली. आज या घरी चहा, उद्या त्या घरी मुक्काम. संध्याकाळी कुठेही त्या आवाजात कुत्रा धरा म्हणून हाक आली की घरचे एकमेकांकडे बघायचे, कुणी जागचं हलायचं नाही. तुंगलग वाडगा खाली ठेवायची, बाहेर जायची आणि दुसऱ्याच्या घरचा कुत्रा मानेला मिठी मारून धरायची.