मथुराबाईचा जपानी डोंगर

"काकू, दार उघडा जी. आत काय करून राह्यल्या?"

बाहेरून भीमराज मास्तरचा आवाज आला तेव्हा मथुराबाईच्या चिमटीत पुलाचा कठडा होता. म्हणजे खऱ्या पुलाचा नव्हे, बोटाच्या पेराएवढ्या लाकडी तुकड्यावर छापलेला. तो जागेवर बसवल्याशिवाय उठणं तिच्या जिवावर आलं. तिने तो बसवला, अंगठ्याने दाबला आणि मगच कडी काढली.

दारात भीमराज एकटा नव्हता. वस्तीतली दोन माणसं होती, आणि त्यांच्या मागे, मान खाली घालून, तिचा नवरा बाबाराव. स्वतःच्याच घरासमोर तो पाहुण्यासारखा उभा होता.

सत्तावन्न सालचा फाल्गुन होता. नेरच्या त्या वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला पाच महिने झाले होते. मधल्या थंडीत बाबासाहेब गेले आणि वस्तीत तीन दिवस चूल पेटली नव्हती. त्या दुःखातून उठलेली माणसं जुने देव न पुजण्याचा दिलेला शब्द जिवापाड जपत होती. तेव्हाच्या पोरांना जन्मताच नवी नावं मिळाली, लग्नं नव्या रीतीने ठरू लागली. भीमराज नुकताच मॅट्रिक होऊन मास्तर झालेला, वस्तीच्या मंडळाचा चिटणीस. त्याचा उत्साह असा दांडगा, की ठेच लागून कुणी सवयीने "अरे देवा" म्हटलं तरी तो ठेचेआधी जिभेची चौकशी करी.

"काकू, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमी रोज सकाळी दार लावून पाटावर काहीतरी पुसून पुसून मांडता, असं कानावर आलं. घरात जुने देव ठेवले असन तं सांगून द्या."

"कोनं पाह्यलं?"

बाबाराव नखाने भिंतीचा पोपडा काढत राहिला. तो कापसाच्या बाजारात हमाल. उजाडण्याआधीच घरून निघे. चार दिवसांपूर्वी गाठी ओढायचा आकडा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतला होता आणि दाराच्या फटीशी क्षणभर थबकून, आकडा न घेताच निघून गेला होता. मथुराबाईच्या ते आत्ता लक्षात आलं.

"मलेच विचारायचं होतं ना," ती त्याला म्हणाली. "मी काय मुकी हाय?"

"भेव वाटलं," बाबाराव म्हणाला. "खरं निघालं असतं तं?"

बावीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्यावर कधी ओरडला नव्हता. ओरडला असता तर बरं, असं तिला त्या घडीला वाटलं. ती बाजूला झाली. "या. पाहा."

पाटावर एक चित्र अर्धंअधिक जुळून आलं होतं. बर्फाचा डोंगर, खाली वाकडा लाकडी पूल, पुलावर गवताच्या टोप्या घातलेली, पावसात भिजणारी माणसं. उरलेले तुकडे सुपात होते. भीमराजने उकिडवं बसून ते नीट न्याहाळलं.

"हा कोन्ता देव?"

"डोंगर हाय."

"डोंगरालेही लोक देव मानते, काकू."

"मंग हे पुलावरचे काय गणपती हायेत? भिजून राह्यले बिचारे, दिसत नाही तुले?"

मागच्या दोघांपैकी एकाला हसू फुटलं. बाबाराव मात्र हसला नाही. तो पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "खरं सांग. तुले थे टाक आठवते का?"

सासूने तिच्या ओटीत घातलेले, देवांच्या मूर्ती ठोकलेले ते पाच चांदीचे टाक. बावीस वर्षं दिवस उगवायच्या आत ती ते धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची. नागपूरहून आल्यावर कुणी सांगायची वाट न पाहता तिनेच ते नदीत सोडले. नाही म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"आठवते," मथुराबाई म्हणाली.

भीमराज ताठ झाला.

"देव म्हून नाही आठवत. त्याहीनं आपल्याले काय देलं थे मले माहीत हाय. पर या टायमाले हातात काहीतरी गार, ओलं असे. एकेक पुसा, एकेक ठेवा. दीक्षा झाल्यावर पाहाटे उठून बसो तं हात नुसते मांडीवर. कोनाले सांगू? तुमी तं निंगून जाता बाजारात. मंग पेटीतून हा डबा काढला."

डबा तिला यवतमाळच्या दवाखान्यातल्या गोऱ्या सिस्टरने दिला होता. मथुराबाई तिथे दोन वर्षं आया होती. मायदेशी जाताना सिस्टरने सामान वाटलं, तेव्हा कुणाला भांडी मिळाली, कुणाला चादरी. हिच्या वाट्याला हे तुकडे जुळवायचं कोडं आलं. असली जुनी चित्रं लाकडी ठशांनी छापतात, दरेक रंगाला वेगळा ठसा, असं सिस्टरने मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं होतं. आपल्याकडे जाजमं छापतात तसंच की, असं म्हणून हिने ते पेटीच्या तळाशी टाकलं होतं.

भीमराज डब्याच्या झाकणावरची इंग्रजी अक्षरं जुळवत होता. एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"जपान! बाबारावजी, हे जपानचं हाय! बुद्धाले माननारा देश!" तो उठून उभाच राहिला. "बुद्धजयंतीले दोन महिने राह्यले. नागपूरहून बुद्धाची तसबीर येते का नाही, भरवसा नाही. हे फळीवर खळीनं चिकटवू, भिंतीवर लावू. काकू, वस्तीत पयला मान तुमच्या घराले!"

घटकेपूर्वी चोरी पकडायला आलेली माणसं आता फळी कुठून आणायची ते बोलू लागली. बाबारावचीही मान वर झाली. "देऊन टाक ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली सुटका तिला स्पष्ट ऐकू आली.

मथुराबाई पाटाशी बसली.

"मास्तर, भिंतीवर लावसान. मंग?"

"मंग काय? फुलं वाहू, उदबत्ती लावू."

"डोंगराले?"

भीमराजने हातातल्या झाकणाकडे पुन्हा पाहिलं.

"मंग आपुन नागपूरले कायले गेलतो रे बाप्पा?" असं म्हणत तिने पाटावर तळहात फिरवला. डोंगर फुटला, पूल मोडला, माणसं इकडे तिकडे सांडली. "देव असता तं असा मोडला असता काय म्या? खेळ हाय हा. माहा खेळ. राहू द्या मले."

भीमराजचे कान लाल झाले. पोरगा मनाने चांगला होता. खाली वाकून त्याने दाराशी उडालेले दोन तुकडे गोळा केले, तिच्या हातात दिले आणि "चुकलं माहं, काकू. जयभीम," म्हणून निघून गेला. मागाहून नागपूरची तसबीर वेळेवर आली आणि जयंतीही झोकात झाली.

बाबारावशी मात्र ती दोन दिवस बोलली नाही. भाकर वाढली, पाणी दिलं, शब्द दिला नाही. तिसऱ्या पहाटे तो बाजाराला निघालाच नाही. घुटमळत आला आणि पाटाच्या पलीकडे बसला.

"मले काय येते यातलं?"

मथुराबाईने सुपातून सगळे आभाळाचे तुकडे वेचले आणि त्याच्यापुढे लोटले. एका रंगाचे, एका अंगाचे, सगळ्यांत किचकट तेच. राग तिला पुरता काढायचा होता. पण गाठी उचलून राठ झालेल्या बोटांत तो एवढासा तुकडा धरून बाबाराव इतक्या गंभीरपणे बसला, की तिचा राग कुठल्या कुठे गेला.

तेव्हापासून आभाळ त्याचं झालं. बाजाराला तो अर्धा तास उशिरा जाऊ लागला, मुकादमाची बोलणी खाऊ लागला. सहा वर्षांत त्याला ते आभाळ कधी धड जमलं नाही. तुकडा भलत्याच जागी लावायचा, मान वाकडी करून पाहायचा आणि "हे इथलं नाही वाट्टे," म्हणून दुसऱ्या भलत्या जागी न्यायचा. कुठला कुठे जातो ते तिला ठाऊक असे. ती सांगत नसे. बावीस वर्षं जो नवरा तिने अंधारात जाताना आणि अंधारात येताना पाहिला, तो उजाडताना समोर बसलेला तिला फार आवडे.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात बाबाराव गेला. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

मथुराबाई अजून पहाटे पाट मांडते. तुकडे तिला तोंडपाठ आहेत. डोंगर, पूल, भिजणारी माणसं भराभर लागतात. आभाळाशी आली की तिचा हात मंदावतो. ती एक तुकडा उचलते आणि भलत्याच जागी लावून पाहते. बसत नाही. मान वाकडी करून "हे इथलं नाही वाट्टे," असं पुटपुटते, आणि तो दुसऱ्या भलत्या जागी नेते.