जयाकाकूंची टोपडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि दुपार कलली की माझी बॅटरी दम टाकते. तरी माझे दिवस वाया गेले असे मला वाटत नाही.

कारखान्यातून निघून मी आधी जुईलीकडे आलो. ती कंपनीत नोकरी करते आणि महाळुंग्यात जयाकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. सुरुवातीला ती मला मऊ फडक्याने पुसायची. मग तिने नवा फोन घेतला आणि मी खणात जाऊन पडलो. कोणी हात लावत नाही तेव्हा वस्तूला कसे वाटते, ते मी तिथे शिकलो.

जयाकाकूंना विणायचा भारी नाद. शेतजमीन विकल्यावर हात रिकामे राहिले, तेव्हापासून त्या लहान बाळांसाठी लोकरीची टोपडी विणत. कुणाला सशाचे कान, कुणाला पेरूचा देठ. जुईलीच्या भाचीला त्यांनी असेच एक टोपडे दिले आणि ते पाहून जुईलीच्या मैत्रिणी मागे लागल्या. मग जुईलीने मला खणातून काढले, काकूंच्या हाती दिले आणि इन्स्टाग्रामवर टोपड्यांचे पान उघडून दिले.

काकूंचे यजमान किशोरकाका यांना ते रुचले नव्हते. आपण घरमालक माणसे, असे विकत बसलो तर गावात काय म्हणतील, असे ते जेवताना एकदा बोलले. काकूंनी त्यांना भाजी वाढली आणि विणकाम चालू ठेवले.

मी उजेडात टोपड्यांचे फोटो काढत होतो. एके दिवशी काकूंनी मला डब्याला टेकवून ठेवले आणि टोपड्याचे माप कसे घ्यायचे ते पहिल्यांदा स्वतः सांगू लागल्या, "बाळाच्या डोक्याला दोरा आसा गुंडाळायचा, मग तो पट्टीवर धरायचा. लई आवळू नका, बाळाला सांगता येत न्हाई."

तो व्हिडिओ खूप जणांनी पाहिला. पण खाली कोणीतरी लिहिले, की आधी शुद्ध बोलायला शिका, मग दुकान मांडा. त्याखाली हसरे चेहरे जमले. मित्रांनो, ती अक्षरे माझ्याच काचेवर उमटली. काकूंनी ती ओठ हलवत सावकाश वाचली.

"माझं बोलनं वंगाळ हाय का गं?" त्यांनी जुईलीला विचारले.

जुईलीने ते लिहिलेले काढून टाकले, लक्ष देऊ नका म्हणाली, पुढच्या वेळी मी बोलते असेही म्हणाली. काकूंनी मान हलवली, मला बंद केले आणि लोकरीच्या गुंड्यांखाली कपाटात ठेवून दिले. त्यानंतर त्यांनी सुईही हाती घेतली नाही.

पुढे किशोरकाकांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. कामापुरता म्हणून त्यांनी मला बाहेर काढले. मी सुरू झालो आणि अडकून राहिलेले निरोप धडाधड आले. त्यातला एक त्यांनी उभ्या उभ्या वाचला, मग मेथी निवडत बसलेल्या काकूंजवळ येऊन मोठ्याने वाचला. बावधनच्या जान्हवी नावाच्या बाईंचा होता. त्यांचे बाळ वेळेआधी जन्मले होते आणि दुकानातले टोपडे त्याच्या नाकापर्यंत येत होते. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे त्यांनी दोऱ्याने माप घेतले होते आणि ते कळवून टोपडे मागितले होते. शेवटी लिहिले होते, "ताई, माझी आई तुमच्यासारखंच बोलायची. म्हणून परत परत ऐकते."

काकूंनी विचारले, "कवाचा हाय निरोप?"

"चार-पाच दिस झालं."

काकू मेथी तशीच टाकून उठल्या आणि विणायला बसल्या. टोपडे एवढेसे झाले, काकांच्या मुठीत मावेल असे. दुसऱ्या दिवशी दोघे स्कूटरवरून बावधनला जाऊन ते देऊन आले. बाळाला घालताच ते अगदी बरोबर बसले. जान्हवीबाईंनी काकूंचा हात धरला आणि दोरा कसा गुंडाळायचा ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मी काकांच्या खिशातून ते ऐकले.

घरी आल्यावर काका म्हणाले, "उद्या व्हिडिओ कर. मी धरतो फोन."

"परत हसतील."

"हसू देत. तू बोलतीस तसंच बोल. त्या बाळाच्या आईला कळलं न्हवं?"

काकांना फोन धरायची सवय नव्हती. पहिल्या व्हिडिओत निम्मा वेळ पंखाच दिसतो. पण काकूंचा आवाज स्पष्ट आहे, आणि मागण्या पुन्हा येऊ लागल्या आहेत.

मित्रांनो, आम्हा फोनना धुळीपासून, पाण्यापासून जपा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक सांगतो. कोणता शब्द पोचवायचा आणि कोणता नाही, हे आम्हाला ठरवता येत नाही. टोचणारा शब्दही आम्ही तितक्याच इमानाने नेऊन देतो. तो वाचणारे माणूस तुम्हाला दिसत नाही. मला मात्र त्याचा चेहरा अगदी जवळून दिसतो.