काचेवरची सटवाई

सकाळचं ऊन अंगणात उतरायच्या आत व्यंकटरावांच्या दारी पाय ठेवायला जागा उरत नसे. कोणी नारळ घेऊन, कोणी कडेवरचं पोर घेऊन, सगळे एका बंद खिडकीकडे टक लावून उभे. आत बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी ओतलं की काचा धुरकट व्हायच्या आणि खालच्या काचेवर हळूहळू एक हात उमटायचा. पाच बोटं आणि रुंद तळवा. अंगणातली माणसं धडाधड जमिनीला कपाळ टेकायची.

"बघा, आई आली!" दर्पणनाथ महाराज ओरडायचे. "सटवाई आजवर कपाळावर लिवत व्हती. पन कलियुगात मानसाची कपाळं मळली, म्हून आई आता काचेवर लिवून राहिली!"

मी शेजारचा मास्तर. कुंपणाशी उभा राहून हे रोज ऐकत होतो आणि रोज माझं डोकं फिरत होतं. कपाळं मळली म्हणे! महाराजांच्या स्वतःच्या कपाळावर गंधाचा इतका थर होता की तिथे सटवाईला खरोखरच लिहायला जागा नव्हती.

सन एक्केचाळीसचा हिवाळा होता. हिंगोलीत तेव्हा काचेच्या खिडक्या मोजक्याच घरांना होत्या. व्यंकटरावांनी छावणीतले बंगले बघून त्या हौसेने बसवल्या होत्या. दर हिवाळ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा वसराम आणि त्याची बायको मोतीबाई येऊन राखेच्या पाण्याने त्या धुवत आणि जुन्या वर्तमानपत्राने लख्ख पुसत. याही वर्षी ती दोघं आली. पण घरात सून सुमन नुकतीच बाळंत झालेली. व्यंकटरावांच्या पत्नी सखुबाई यांनी त्यांना अंगणातूनच परत धाडलं. "बाळंतिणीच्या खोलीला तांड्याचा हात नको," त्या म्हणाल्या. त्याच दिवशी, ऐन पाचवीच्या दुपारी, पांढऱ्या धोतरातला एक परका माणूस 'धर्माचं काम म्हणून काचा पुसून देतो' म्हणत आला. त्याला मात्र थेट आत घेतलं. वर्षानुवर्षांच्या ओळखीचा हात विटाळाचा आणि अनोळखी हात पवित्र, कारण धोतर धुतलेलं!

पाचवीला सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते असं आपल्याकडे मानतात. पाचवीची पूजा झाली, दुसऱ्या सकाळी काचेवर हात उमटला आणि घटकाभरात महाराज दारात हजर. त्यांना कोणी बोलावलं हे कोणालाच सांगता येईना.

"उभा हात म्हंजी आई थांब म्हनते," महाराजांनी अर्थ लावला. "लेकराचा श्वास थांबवीन म्हनते! तिची मर्जी राखायची तर काचेला फडकं लावू नका, खिडकी उघडू नका, अन् शेगडी इझू देऊ नका. कोळशावर ऊद सारखा पायजे."

बाळंतिणीला शेक-शेगडी आपल्याकडे असतेच. पण दारं-खिडक्या लावून दिवसभर कोळसा? मी व्यंकटरावांना गाठलं. म्हटलं, "हा हात दुपारी का येत नाही हो? सटवाईला फक्त आंघोळीच्याच वेळी सवड असते काय?"

"मास्तर, तुमी पोरायला पाढे शिकवा," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "मागल्या खेपेला आमचा नातू याच खोलीत गेला. अशाच थंडीत. तवा कोनी सांगनारं न्हवतं. आता भेटला कोनी, तर तुमी फाटे फोडून राहिले."

भ्यालेल्या माणसाशी हुज्जत घालता येत नाही. मी परत फिरलो, पण मनाला चैन पडेना.

भिंतीपलीकडून बाळाचं रडणं मला ऐकू यायचं. ते कमी कमी होत गेलं. एका सकाळी ते आलंच नाही. अंगणात महाराज सांगत होते, "लेकरू शांत झालं! आई प्रसन्न होऊन राहिली!" आणि लोक हात जोडत होते. मी तसाच दवाखान्यात धावलो आणि तिथल्या नर्स नीलाबाईंना घेऊन आलो.

नीलाबाई आत शिरल्या. मी खिडकीबाहेर उभा राहिलो.

"लेकरू पार मलूल पडलं की हो! खिडकी उघडा आधी!"

"खबरदार!" महाराज दारातून गरजले. "काच हलली की लेकरू गेलं!"

सखुबाई खिडकीपुढे हात पसरून उभ्या राहिल्या. "बाई, पाया पडते तुमच्या. एक गेलं माझं. दुसरं न्हाई जाऊ द्यायची."

नीलाबाईंनी वाद घातला नाही. मोरीवरचा साबण ओल्या तळव्याला चोळला आणि शेजारच्या काचेवर हात दाबला. मग पदराने ती काच काहीच दिसेनासं होईपर्यंत कोरडी पुसली.

"सखुबाई, हिच्यावर फुका."

सखुबाईंनी तोंडाची वाफ सोडली. पहिल्या हाताशेजारी दुसरा हात उमटला. अंगणातून एक बाई म्हणाली, "आगं माय, दोन सटवाया!"

"ही माझी सटवाई," नीलाबाई म्हणाल्या. "साबण लागला तिथं वाफेचे थेंब धरत न्हाईत. बाकीची काच धुरकटते, तेवढीच जागा स्वच्छ ऱ्हाते. वाळलं की काही न्हाई, वाफ आली की पुन्हा हात. तुमच्या काचा कोनी पुसल्या, ते आठवा."

सुमन खाटेवरून उठली. सासूला तिने हाताने बाजूला सारलं आणि कडी काढली. थंड वारा आत घुसला.

बाळाला अंगणातल्या उन्हात आणलं. बराच वेळ काही झालं नाही. नीलाबाई त्याचे तळपाय चोळत होत्या. मग ते शिंकलं आणि भोकाड पसरून रडू लागलं. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तोवर महाराजांनी पळ काढला होता, चपला टाकून. काचा पुसून गेलेला पांढऱ्या धोतराचा तो माणूसही त्यांच्यासोबत पळाला; तो त्यांचाच चेला होता.

लोक हसायला लागले. सुमन हसली नाही. बाळाला छातीशी धरून तिने विचारलं, "बाई, मंग माझं पयलं काहून गेलं? तवा तर महाराज न्हवता. काचेवर हात बी न्हवता."

"शेगडी व्हती?"

"व्हती."

"खिडकी?"

"लावेल व्हती."

नीलाबाईंनी उघड्या खिडकीतून आतल्या शेगडीकडे बोट दाखवलं. ती खिडकी सखुबाईंनीच मायेने लावली होती.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव स्वतः तांड्यावर गेले आणि वसराम-मोतीबाईंना घेऊन आले. मोतीबाईंनी राखेच्या पाण्याने तो हात धुऊन काढला. दर्पणनाथ सेनगावच्या वाटेने गेल्याचं ऐकतो. तिकडेही काचा असतील, बाळंतिणी असतील, म्हणून हे लिहितो आहे.

कोणी तुम्हाला काचेवर देव दाखवला तर आधी ती काच राखेच्या पाण्याने धुवा आणि पुन्हा वाफ धरा. देव असेल तर धुतल्याने जाणार नाही. काच पुसायला आपल्या ओळखीचं माणूस बोलवा आणि त्याला घरात येऊ द्या. पण एवढ्यावर थांबू नका. साबणाचा हात दर्पणनाथाचा होता. बंद खोलीतला धूर आपला होता. तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवाल, तर खिडकी उघडी ठेवा. सुमनचं पहिलं बाळ तेवढ्याने वाचलं असतं.