देवाकडे तोंड

मंडपाची पाठ देवळाकडे होती. सियूहुआने रिक्षातून उतरताच ते पाहिलं आणि बाहुल्यांची पेटी खाली ठेवायची विसरून ती तशीच उभी राहिली.

"आ-मा, पेटी जड आहे ना? द्या इकडे," तिची शिष्या तेनमोळी म्हणाली. मुलं सियूहुआला आ-मा, म्हणजे आजी, म्हणत.

"जड पेटी नाही गं. हा मंडप कोणी बांधला?"

आज थोरल्या काकांचा वाढदिवस. मलेशियातल्या बुकित मर्ताजामच्या मासळीबाजारामागच्या या देवाला सगळे थोरले काकाच म्हणत. पांढऱ्या दाढीचा हसरा म्हातारा, मांडीवर सोन्याची लगड. दर वर्षी या दिवशी त्याच्यासमोर काठीच्या बाहुल्यांचा खेळ व्हायचा. आठ चिरंजीव, चिनी पुराणातले अमर सिद्ध, येऊन त्याला वाढदिवसाचा नमस्कार करायचे. त्यासाठी मंडप दाराकडे तोंड करूनच उभारायचा, कारण खेळ देवाने पाहायचा. माणसांनी पाहिला तर पाहिला. सियूहुआ एक्केचाळीस वर्षं हा खेळ करत होती. नवरा गेला, झांजवाला गेला, सारंगीवाला मुलाकडे ऑस्ट्रेलियात गेला. उरली ती आणि दर शनिवारी देवळाच्या पडवीत शिकायला येणारी तीन मुलं. काशाचा थाळा वाजवणारा जुनहेंग, गाणारी यीशुआन आणि बाहुल्या नाचवणारी तेनमोळी. तेनमोळीचे तमिळ वडील चौकात टायरचं दुकान चालवत. ती चिनी शाळेत जायची, पण तेओच्यू, इथल्या चिनी घरांची जुनी बोली, शिकली ती इथेच, बाहुल्यांकडून.

मुलांचा हा पहिलाच खेळ होता.

देवस्थानाचा अध्यक्ष केंगहोंग घाम पुसत आला. फरशांचा व्यापारी, पन्नाशीचा, अंगात नवा लाल शर्ट. सियूहुआला तो हुआसिम, म्हणजे हुआकाकू, म्हणे.

"हुआसिम, रागावू नका. संध्याकाळी मोठे पाहुणे येणार आहेत. कॅमेरे येणार. खुर्च्या रस्त्याच्या बाजूला मांडल्यात, म्हणून मंडप तिकडे फिरवला."

"आणि थोरल्या काकांनी काय बघायचं? आमच्या पाठी?"

"पंधरा मिनिटांचाच तर प्रश्न आहे. आवाज ध्वनिमुद्रित आणलाय, शाळेतल्या मँडरीन चिनीत. आपली बोली आता कळते कोणाला? घरात तरी कोण बोलतं?"

"पंधरा मिनिटं? आठ जण आहेत रे. लंगड्याला कुबडी टेकत यायलाच तेवढा वेळ लागतो."

"हुआसिम, समितीचं ठरलंय. असं करायचं नसेल तर पुढच्या वर्षापासून बाहुल्या बंद. गाणाऱ्या मुली आणू. लोक तरी येतात."

सियूहुआने देवळाच्या पायरीवर बसून पेटी उघडली.

"यीशुआन, पहिला कोण निघतो पेटीतून?"

"कुबडीवाला, आ-मा."

"का?"

"तो हळू चालतो, म्हणून त्याला आधी निघू द्यायचं."

"शाबास. जुनहेंग, देवाचं तोंड कुठे आहे?"

"दाराकडे."

"मग आपलं?"

"देवाकडे."

"जरा मोठ्याने सांग. अध्यक्षांना फरशा कापून कापून कमी ऐकू येतं."

मुलं फिसकन हसली. केंगहोंगचे कान लाल झाले. दहा वर्षांचा असताना याच पायरीवर बसून तो थाळा वाजवायला शिकला होता, आणि ताल चुकला की याच बाईची टपली खायचा.

"मुलांसमोर कशाला वाद," तो म्हणाला. "चला, कौल लावू. थोरले काका सांगतील तसं. मग तर झालं?"

"लाव."

केंगहोंगने आत जाऊन उदबत्ती लावली, गुडघे टेकले आणि चंद्रकोरीसारखे दोन लाकडी कौल ओंजळीत घेतले. एकाची सपाट बाजू वर आली आणि एकाची फुगीर पाठ, तर देवाचा होकार. दोन्ही पाठी वर आल्या, तर नकार. आणि दोन्ही सपाट बाजू वर आल्या, तर देव हसतोय.

"काका, मंडप रस्त्याकडे असला तर चालेल ना?"

कौल खटखट उडाले. दोन्ही सपाट.

"हसला!" जुनहेंग ओरडला.

दुसऱ्यांदा टाकले. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा एक सपाट पडला, दुसरा गोल फिरत गेला, उंबऱ्याला आपटला आणि तोही सपाटच पडला.

"नाही म्हणाले नाहीत," केंगहोंग उठत म्हणाला. "म्हणजे हरकत नाही."

"म्हणजे तू विचारतोस ते सरळ नाही." सियूहुआने कौल उचलून त्याच्या हातात परत दिले. "मंडपाचं कसलं विचारतोस? असं विचार, काका, तुमच्याच वाढदिवशी आम्ही तुमच्याकडे पाठ करून बसलो तर चालेल का? विचार. आम्ही ऐकतोय."

केंगहोंग पुन्हा गुडघ्यांवर बसला. त्याने तोंड उघडलं. मूर्तीकडे पाहिलं. दाढीवर उदबत्तीचा धूर चढत होता. मग त्याने कौल हळूच तबकात ठेवले.

"खुर्च्या मांडून झाल्यात," तो पुटपुटला. "मी मंडप आता फिरवणार नाही. तुम्हाला काय करायचं ते करा. पाच वाजता माझे कर्णे सुरू होतील."

तो गेल्यावर यीशुआनने विचारलं, "आ-मा, आता आपला खेळ नाही?"

"का नाही? मंडप त्यांचा. बाहुल्या आपल्या, देवही आपला."

"पण पुढच्या वर्षी बंद करतील ना..."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी भांडू. आज तुमचा पहिला दिवस आहे. पहिल्या दिवशी हाताला जे वळण लागतं ते जात नाही, बाळा. आज पाठ फिरवायला शिकलात तर जन्मभर तेच कराल."

जुनहेंगने बाजारातून मासळीचे दोन रिकामे खोके आणले. त्यावर पेटीचं झाकण आडवं टाकलं, त्यावर लाल कापड. उंबऱ्यापासून चार हातांवर, बरोबर दारासमोर, छोटीशी रंगभूमी तयार झाली. रस्त्यापलीकडे केळ्याची भजी तळणाऱ्या मलय मावशीने, मकचिक रोहायाने, झारा हातात धरूनच हाक मारली, "हुआ, आज जमिनीवर?"

"गुडघे मजबूत आहेत अजून!"

"आवाज मोठा ठेव गं. तुझ्या थाळ्यावरच माझा दुसरा घाणा निघतो, चाळीस वर्षं झाली."

पाचला थाळा वाजला आणि त्याच क्षणी कर्णेही सुरू झाले. केंगहोंगचं स्वागताचं भाषण अंगणभर घुमायला लागलं. विविधता, परंपरा, वारसा. यीशुआन घाबरून वरच्या पट्टीत ओरडायला लागली. मुलांच्या मागे बसलेल्या सियूहुआने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओरडू नकोस. तू कोणाला सांगतेस? काका समोरच बसलेत. कानात सांगितल्यासारखं सांग."

यीशुआनचा आवाज खाली आला, आणि खाली आल्यावर गोड झाला. तेनमोळीने बाहुलीच्या पाठीतल्या तीन लोखंडी काड्या बोटांत धरल्या. लंगडा कुबडी टेकत निघाला. टेक, पाऊल. टेक, पाऊल. त्याच्या तोंडचे तेओच्यू शब्द ती स्वतःशी बोलल्यासारखे म्हणत होती.

तिसरा चिरंजीव येतो न येतो तोच भाषण संपलं. आता पाहुण्यांनी उदबत्ती लावायची. केंगहोंग सर्वांना घेऊन दाराकडे आला. पुढे कॅमेरेवाले, मागे टाय लावलेले साहेब, त्यांच्यामागे चाळीस-एक माणसं. साहेबांनी खोक्यांकडे पाहिलं, कौतुकाने हसले आणि वळसा घालून उंबऱ्याकडे पाऊल टाकलं.

सियूहुआ उठली नाही. तिने फक्त मान वळवून केंगहोंगकडे पाहिलं.

देव आणि खेळ यांच्या मधून कोणी जायचं नाही. सुरू झालेला नमस्कार तोडायचा नाही. थाळा धरायच्याही आधी हे तिने त्याला शिकवलं होतं.

केंगहोंगचा हात आपसूक आडवा झाला. साहेबांच्या छातीसमोर.

"थांबावं लागेल, साहेब."

"किती वेळ?"

केंगहोंगने खोक्यांमागे ओळीने निजवलेल्या बाहुल्या मोजल्या. "पाच जण यायचेत अजून. अर्धा तास."

"अर्धा तास? पुढचा कार्यक्रम आहे आमचा!"

"वाढदिवस त्यांचा आहे," केंगहोंग म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला असावा, कारण तो पुन्हा एकदा, जरा जोराने म्हणाला, "वाढदिवस थोरल्या काकांचा आहे, साहेब. उभं राहावं लागेल."

चाळीस माणसं मुलांच्या पाठीमागे उभी राहिली. कोणाला एक शब्द कळत नव्हता. कोणीतरी कर्णे बंद केले. रस्त्यापलीकडे भजी तेलात पडल्याचा आवाज आला.

एक कॅमेरेवाला कडेने वाकून म्हणाला, "बेटा, जरा इकडे बघ ना. बाहुली इकडे फिरव, फक्त एकदा."

तेनमोळीची बोटं काड्यांवर थबकली. कमळवाली चिरंजीव, आठांतली एकटी बाई, अर्धवट वळल्यासारखी झाली.

"नाही, अंकल," तेनमोळी म्हणाली, "आमचं तोंड इकडे असतं."

आणि तिने कमळ देवासमोर खाली झुकवलं.