चुन्याच्या निवळीतली अक्षरं

देवासच्या त्या मांगलिक भवनात शनिवारी दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. बायका मांडीला मांडी लावून बसलेल्या, पुरुष भिंतीला टेकून उभे, आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या पितळी परातीवर. परातीत नर्मदाजल, आणि परातीमागे मनावर गावाकडून आलेले बापू. त्यांच्याकडे म्हणे मेलेल्या माणसांची पत्रं येत.

“कागद कोरा है के नहीं? देखो, उजाले में धरके देखो!” बापू कागद दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवत होते. “ऊपर डाकखाना नहीं है, माताजी! डाकिया भी हम, लिफाफा भी हम!”

कागद परातीत बुडाला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्यावर एक गुलाबी रेघ उठली, रेघेचं अक्षर झालं, अक्षरांच्या ओळी झाल्या.

“कुसुमावती माताजी! बेटी वल्लरी की चिट्ठी आई है!”

कुसुमावती पाय ओढत पुढे गेल्या. तान्हं मूल घ्यावं तसा तो ओला कागद त्यांनी दोन्ही हातांवर घेतला. त्यांची नणंद सुमंगलाबाई मागच्या रांगेतून बघत होत्या. आज त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. वहिनींच्या चेहऱ्यावर असा उजेड त्यांनी चार वर्षांत पाहिला नव्हता. तो गुलाबी रंग मात्र त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना दर वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने तो काढून दाखवला होता.

सुमंगलाबाईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यावर त्या आणि वहिनी एकत्र राहू लागल्या. भावाची एकुलती लेक वल्लरी पुण्याला नोकरीत होती. तिनेच एका दिवाळीला टीव्हीवर जुन्या काळातल्या विलायती गुप्तहेरांच्या मालिका लावून दिल्या आणि दोघी म्हाताऱ्यांना त्यांचं वेड लागलं. दुपारी तीन वाजले की चहा, शेव आणि खून. धुक्यातली आगगाडी, उंच टोप्या, हिरवळीवरचा भला थोरला वाडा आणि ग्रंथालयात पालथा पडलेला कुणी लॉर्ड. कुसुमावतींना इंग्रजीचा गंध नव्हता. सुमंगलाबाई पडद्याखालची अक्षरं वाचून मराठीत सांगत. तरी खुनी आधी सापडायचा तो वहिनींनाच.

“तो पाद्री नव्हे हो वन्सं, ती मोलकरीण बघा. पाऊस नाही नि बूट ओले!”

एकदा गोष्टीत एक बाई टेबल हलवून मेलेल्या नवऱ्याला बोलावत होती. कुसुमावती पदराआड हसल्या होत्या. “गुडघ्याने हलवत्येय मेली!” संध्याकाळी वल्लरीचा फोन यायचा, “आई, ओळखलास का खुनी?”

साथीच्या दुसऱ्या लाटेत वल्लरी पुण्याच्या रुग्णालयातच गेली. रस्ते बंद होते. आईला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यानंतर तीनचा चहा चालू राहिला, मालिकाही चालू राहिल्या, पण वल्लरीचं नाव त्या घरात कुणी काढलं नाही. वहिनी रडतील म्हणून सुमंगलाबाई बोलत नसत. वन्संना त्रास होईल म्हणून वहिनी. मग दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या कमलबाई वहिनींना बापूंकडे घेऊन गेल्या आणि तीनचा टीव्ही बंद झाला. खूनबिन बघितले की आत्म्यांना पीडा होते, असं बापूंनी सांगितलं होतं.

त्या शनिवारी घरी येईपर्यंत नवं पत्र निम्मं पुसट झालं होतं. “आत्मा आपले शब्द परत नेतो,” कुसुमावती म्हणाल्या आणि कागद पोथीत ठेवू लागल्या. तिथे आधीचे चार कोरे कागद घडी करून ठेवलेले होते.

फ्रीज उघडला तेव्हा सुमंगलाबाईंना इन्सुलिनच्या कुप्या दिसल्या. सगळ्या सीलबंद.

“वहिनी, हे काय? किती दिवस झाले?”

“पहिल्या पत्रापासून. लेक म्हणते, औषधं शरीराला बांधून ठेवतात. बापूंची भभूत घेत्येय मी.”

“ती अक्षरं वल्लरीची नाहीत!”

“वन्सं,” कुसुमावती म्हणाल्या, “चार वर्षांत तुम्ही तिचं नाव आज घेतलंत. तेही भांडायला.”

त्या संध्याकाळी सुमंगलाबाईंचं समजावून झालं, डॉक्टरांना घरी आणून झालं. वहिनींनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुमंगलाबाईंनी पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवला, गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी घेतली. पोथीतल्या एका कोऱ्या कागदावर तिचे चार थेंब टाकताच अक्षरं गुलाबी होऊन परत आली. ‘माँ, मैं सुखी हूँ. आपका आर्शीवाद चाहिए.’ मग त्यांनी कमलबाईंकडून त्यांच्या नवऱ्याचं पत्र मागून आणलं. तेच वळण, रफाराची तीच चूक. ‘बच्चों को आर्शीवाद.’

पण वहिनींसारख्या बाईला एवढा पुरावा पुरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. विलायती गुप्तहेर कधी नुसता आरोप करत नाही, सापळा लावतो. त्यांनी बापूंच्या सेविकेला, अल्पनाला, फोन केला. अल्पनाने गोड आवाजात सगळं विचारून घेतलं. गेलेल्याचं नाव? नातं? लाडाने काय म्हणत? कशाने गेले? सुमंगलाबाईंनी एकेक करून सांगितलं. मानसिंगराव. पती. हृदयविकार. भरल्या वांग्यांची आवड. मग ओळखीच्या विद्यार्थिनींना निरोप धाडला, शनिवारी आपापली जुनी पत्रं घेऊन या.

पुढच्या शनिवारी बापूंनी कागद बुडवला आणि डोळे मिटले.

“सुमंगला माताजी! पति मानसिंगराव की चिट्ठी! लिखते हैं, तेरे हाथ के भरवाँ बैंगन यहाँ भी याद आते हैं!”

सुमंगलाबाई उठून ध्वनिक्षेपकाशी गेल्या. “बापू, ते दिसतात का हो तुम्हाला?”

“साक्षात! आपके पीछे ही खड़े हैं. आँखों में आँसू हैं.”

“कमाल आहे. माझं लग्नच झालेलं नाही.”

सभागृहात निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी. पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं, मग हसू पसरत गेलं. बापू म्हणाले, “पूर्वजन्म के पति होंगे!”

“पूर्वजन्मीच्या नवऱ्याला वांग्यांची आवड आहे, हे मी अल्पनाताईंना मंगळवारी फोनवर सांगितलं,” सुमंगलाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून चुन्याच्या निवळीची बाटली काढली. “मुलींनो, घरी नेलेले कोरे कागद आणलेत ना? काढा.”

त्या थेंब टाकत गेल्या आणि कागदामागून कागद गुलाबी झाला. कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाची बहीण. सगळ्यांचं अक्षर एक आणि सगळ्यांचा ‘आर्शीवाद’ चुकलेला. “हे फिनॉल्फ्थॅलिन. स्पिरिटमध्ये विरघळवून त्याने लिहिलं की दिसत नाही. चुन्याचं पाणी लागलं की गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुना संपवतो, मग रंग उडतो. नर्मदेचा यात काही संबंध नाही.”

कमलबाईंनी परातीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या. “चुनाच हाय गं बाई!” गलबला झाला. बापू आणि अल्पना मागच्या दाराने गाडीत बसून गेले. नंतर कानावर आलं, दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने त्यांची परात पुन्हा मांडली गेली आहे.

लोक टाळ्या वाजवत होते. कुसुमावती पहिल्या रांगेत बसूनच होत्या. त्यांच्या मांडीवर सुमंगलाबाईंनी पोथीतून आणलेली पाचही पत्रं ओली, गुलाबी.

“वन्सं,” त्या हळूच म्हणाल्या, “एखादं तरी राहू द्यायचं होतं.”

उठताना त्या कोसळल्या. मोजा काढला तेव्हा अंगठा काळा पडलेला दिसला. जखम त्यांनी तीन आठवडे लपवली होती. इंदूरच्या डॉक्टरांनी पाय वाचवायची खटपट केली, पण सहाव्या दिवशी तो गुडघ्याखाली कापावा लागला.

शुद्धीवर आल्यावर कुसुमावतींनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, वन्सं.”

“काय?”

“वल्लरी मला कधी माँ म्हणाली होती का? आणि ती अल्पना फोनवर सगळं खोदून विचारत होती, ते कळायला मला काय विलायतेत जायचं होतं? पण कळणं निराळं, मानणं निराळं. त्या पाच मिनिटांत माझी लेक माझ्याशी बोलायची. शेवटचा शब्दही मिळाला नव्हता मला. खोटा तर खोटा. आणि एकदा ते शब्द लेकीचे मानले की औषध सोड म्हटलेलंही ऐकावंच लागतं.”

सुमंगलाबाई खुर्चीत अंग आवळून बसल्या. चार वर्षं त्यांनी एक गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. कापलेल्या पायावर पांघरलेल्या चादरीकडे बघत त्या बोलू लागल्या.

“शेवटचा शब्द होता, वहिनी. त्या सकाळी माझ्या फोनवर तिचा फोन आला होता. तुम्ही अंघोळीला गेला होतात. तिला धाप लागली होती. म्हणाली, आत्या, आईला फोन देऊ नकोस, माझा आवाज ऐकून घाबरेल. तिला सांग, मी जेवले. आज आईच्या हातचं वरण खाल्ल्यासारखं वाटलं, सांग. तासाभरात रुग्णालयातून ती बातमी आली. मग मला सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले.”

कुसुमावतींनी डोळे मिटले. रागावतील, असं सुमंगलाबाईंना वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“परत सांगा,” त्या म्हणाल्या.

सुमंगलाबाईंनी परत सांगितलं. मग आणखी एकदा.

आता सुमंगलाबाई देवास, धार, राजगढच्या शाळांतून, महिला मंडळांतून दोन बाटल्या घेऊन जातात. कागद गुलाबी करून दाखवतात, रंग उडवून दाखवतात. मुली टाळ्या वाजवतात. टाळ्या थांबल्या की त्या सांगतात, “ही जादू तुम्ही दहावीत शिकता. जो तुम्हाला भेटायच्या आधी तुमची माहिती काढतो आणि भेटल्यावर तीच तुम्हाला चमत्कार म्हणून विकतो, तो लबाड. जो औषध सोडायला सांगतो, तो खुनी. कुणीही सांगो, मेलेला सांगो की देव सांगो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही. विचारायला लाजू नका, तपासायला भिऊ नका.”

मग त्या बाटल्यांना बूच लावतात.

“आणि घरात कुणी गेलं असेल, तर त्याच्याबद्दल घरात बोला. खरं असेल तेवढं सगळं सांगा, दुखलं तरी सांगा. मी गप्प बसले. बापूंनी त्या जागेवर आपली परात मांडली.”