धाकटा माझ्यात अडकला तेव्हा

मित्रांनो, वाडग्याला श्वास घ्यावा लागत नाही, पण घुसमट त्यालाही होते. मी एक जुना स्टीलचा वाडगा आहे आणि ही घुसमट मी भोगली आहे.

कारखान्यातल्या एकाच यंत्राखाली मी आणि माझा धाकटा भाऊ जन्मलो. तो माझ्यापेक्षा जेमतेम बोटभर लहान. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला जोडीनं घरी आणलं. घरात त्या आणि त्यांची लेक, दोघीच. उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाई सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, निथळून माझ्यात ओतायच्या. वर ठेचलेला लसूण, तिखट, लिंबू. मग मला दोन्ही हातांनी धरून शेंगा अशा उडवायच्या की एक शेंग बाहेर पडेल तर शपथ! मायलेकी खिडकीशी बसून दातांनी दाणे काढायच्या, सालं धाकट्यात टाकायच्या. "दुसऱ्या कशात कालवलं की ही चव येतच नाही बाई," असं त्या म्हणाल्या की मी फुलून जायचो.

यंदा लेकीला परगावच्या दवाखान्यात नोकरी लागली.

"जा ना, मी कुठे अडवलंय?" बाई म्हणाल्या. "माझं काय, पडून राहीन कुठेतरी."

बाईंनी रागारागानं मला कढत पाण्यानं विसळलं आणि ओला, गार धाकटा माझ्यात कोंबला. मी निवत गेलो तसा आवळत गेलो. सकाळी आम्ही काही केल्या सुटेना. रवानगी झाली ओट्याखालच्या कपाटात. तिथे अंधार, ओल आणि कुबट वास. मला धाकट्याचाच संताप यायचा. हा माझ्या पोटात ठाण मांडून बसला आणि मी कामातून गेलो! बाहेर मायलेकी कामापुरतंच बोलत होत्या.

नोकरीला होकार कळवायचा शेवटचा दिवस आला. बाईंनी मुकाट्यानं शेंगा उकडायला ठेवल्या आणि आम्हाला बाहेर काढलं. मला पोटाशी कवटाळून म्हणाल्या, "ओढ जोर लावून!"

लेकीनं ओढलं. आता मी चेपणार, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला.

"आई, ओढून काय होणार? तूच किती आवळून धरलंयस, बघ तरी!"

बाईंचे हात सैल पडले. लेकीनं धाकट्यात बर्फ भरला आणि मला गरम पाण्यात बसवलं. मी हळूहळू सैलावलो, तसा धाकटा अलगद वर आला. तेव्हा कुठे मला कळलं, की त्यानं मला अडकवलं नव्हतं. मीच त्याला धरून ठेवलं होतं. मला फार लाज वाटली.

शेंगा खाऊन झाल्यावर बाईंनी धाकट्याला घासूनपुसून लेकीपुढे ठेवलं.

"हा घेऊन जा तिकडे. सालं कशात टाकशील?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि तू गं?"

"मला कागद पुरे."

आता कपाटात मी एकटाच असतो. धाकट्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, भांडी एकात एक रचताना मध्ये फडकं घालत जा. तरीही कुणी अडकलंच, तर त्याला दोष देण्याआधी आपली पकड सैल करून पाहा.