घंटी वाजवल्यानंतर

ओढ्याकाठच्या आमच्या वाटेवर चालणारे डावीकडून चालतात आणि सायकलवाले मागून घंटी वाजवून उजवीकडून पुढे जातात. घंटी ऐकली की चालणाऱ्याने हात वर करायचा. म्हणजे ऐकलं, जा. शाळेच्या मैदानात खडूने वाट आखून पाचवीच्या मुलांना हे मी सव्वीस वर्षं शिकवलं. टेगन त्यांतलीच, आता इस्पितळात नर्स आहे. तिला कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही.

मंगळवारी सकाळी तिच्या सायकलची धडक बसून काठी टेकत चाललेले स्टाव्हरोस कालोगेरास पडले. वय एक्याऐंशी. डोकं वाटेच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. गुरुवारी ते गेले. मी तेव्हा वीस पावलांवरच्या बाकावर बसले होते. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी पोलीस माझा जबाब घ्यायला येणार होते. त्याआधी तासभर टेगन मागच्या दाराने आली. मनगटाला पट्टी होती. मी चहा दिला. तिने कप नुसता धरून ठेवला.

“मिस, मी घंटी वाजवली होती. तुम्ही ऐकलीत ना?”

“ऐकली. चांगली लांबून वाजवलीस.”

“मग तेवढं सांगा. लोक काय वाट्टेल ते लिहितायत. म्हणे कानात गाणी होती. काही नव्हतं हो माझ्या कानात.”

“सांगेन.”

“आणि त्यांनी हात वर केला होता. म्हणजे जा, असंच ना? तुम्हीच शिकवलंय.”

हात त्यांनी वर केला होता. पण तो काठीचा हात. काठी जमिनीवरून उचलली गेली आणि ते उजवीकडे झुकले, मग एक पाऊल, मग दुसरं. सायकल अजून लांब होती.

“टेगन, तू ब्रेक दाबला नाहीस.”

तिने मनगटाची पट्टी सारखी केली.

“वाटलं, सावरतील. सातला वॉर्डात पोचायचं होतं.” मग म्हणाली, “हेही सांगणार?”

“हो.”

“नर्सची नोकरी जाईल माझी. तुरुंगातही टाकतील. आईला कोण बघणार? तुम्ही?”

मी चहाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

“तुमच्या खडूच्या वाटेवर म्हातारं माणूस कधी नव्हतंच, मिस. आम्हीच पोरं. एक चालायचा, एक सायकलवर. हात वर झाला की सुटायचं. आणि तुम्ही म्हणायचात, शाबास.”

तिने कप ओट्यावर ठेवला आणि आली तशी मागच्या दाराने गेली.

पोलीस तरुण होता, अक्षर वळणदार. मी सांगत गेले तसं त्याने लिहून घेतलं. घंटी वाजली. हात वर झाला. तोल जाताना लांबून दिसत होता. वेग कमी झाला नाही.

“आणखी एक लिहा,” मी म्हणाले. “घंटी मी शिकवली. हात वर झाल्यावरही वेग कमी करायचा आणि माणसाकडे बघत राहायचं, हे मी कधीच शिकवलं नाही. एकाही वर्गाला नाही.”

त्याने पेन थांबवलं.

“ते जबाबात लागणार नाही, मिसेस पास्को,” तो समजुतीने म्हणाला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

मी सही केली.